मोजेबाईंची भिंत

पांढऱ्या मोज्यांना घाबरणारी मुलगी तुम्ही पाहिली नसेल, तर ती मी. साप, पाल आणि गणिताची तोंडी परीक्षा यांची मला आता भीती वाटत नाही. ‘आता’ हा शब्द महत्त्वाचा आहे. शाळेच्या स्वच्छता समितीची प्रमुख झाल्यापासून मी फार धीट झाले आहे. रोज सकाळी सगळ्या शाळेसमोर उभी राहून, "सातवीच्या वर्गात फळ्यामागे अर्धी पोळी सापडली, ती ज्याची असेल त्याने घेऊन जावी," असं मी एकदाही न अडखळता सांगते. मागच्या वर्षीपर्यंत मी दुकानदाराला सुटं पेन मागायलाही आईला पुढे करायचे. त्यामुळे आई हल्ली माझ्याकडे, भाड्याने आणलेल्या वस्तूकडे बघावं तशी बघते. जपून, आणि थोडं संशयाने.

पण पांढरे मोजे म्हटलं की माझा सगळा धीटपणा गळून पडतो.

हे मोजे आमच्या घरमालकीणबाईंचे. चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांना खरं नाव आहे, ते करारावर लिहिलेलंही आहे, पण आमच्या घरात त्या मोजेबाईच. भाडेकरू घर सोडून जायला निघाला की त्या येतात, दाराशी चपला काढतात, पर्समधून कोरे करकरीत पांढरे मोजे काढतात, स्टुलावर बसून ते घालतात आणि घरभर फिरतात. कोपरेन् कोपरे. स्वयंपाकघर, दारामागची जागा, बाल्कनी, सगळं. फिरताना एक अक्षर बोलत नाहीत. मोज्यांचा आवाजही येत नाही. आपण सिंककडे बघत असतो आणि त्या आपल्या मागे उभ्या असतात. मग परत स्टुलावर बसतात आणि पाय उचलून तळवे बघतात. तळवे पांढरे, तर तुम्ही सुटलात.

आणि नसले तर?

"नसले तर काय विचारतेस!" शेजारच्या काकूंनी आम्हाला सांगितलं होतं. काकूंना आमच्या जिन्यातली प्रत्येक गोष्ट माहीत असते, कधीकधी ती घडायच्या आधी. "तुमच्या आधीचे होते ना, त्यांचा टेंपो खाली भरून तयार. मोजे काळे निघाले. सगळं सामान परत वर! त्यांचा सोफा जिन्यात अडकला, अर्धा आत अर्धा बाहेर. त्या बिचाऱ्या सोफ्यावरच बसून रडल्या गं. मी त्यांना चहा नेऊन दिला, तो कठड्यावरून."

आमची परिस्थिती त्याहून वाईट होती. आम्ही ज्या घरात जाणार होतो ते दोन गल्ल्या सोडून, आणि ते मोजेबाईंच्या भावाचं. भाऊ परगावी. घराची किल्ली मोजेबाईंच्या पर्समध्ये. त्यांनी फोनवर बाबांना सांगितलं होतं, "हे घर नीट दिलंत, तर त्याचं देईन. हे कसं ठेवलंत ते बघितल्याशिवाय भावाच्या घरात कुणाला पाय ठेवू देणार नाही." हे घर तर पुढच्यांना कबूल करून झालेलं. म्हणजे मोजे काळे निघाले असते, तर आम्ही तिघं, फ्रिज आणि कुंड्या, अशी फुटपाथवर.

आणि त्या नव्या घरात एक खोली होती. माझी. बाबांच्या मते ती आधी अडगळीची असावी, कारण पलंग लावला की दार अर्धंच उघडतं. असू दे. तिला खिडकी आहे. तोवर मी मधल्या बोळात झोपायचे, फ्रिजच्या शेजारी. रात्री ज्याला तहान लागेल तो मला ओलांडून जायचा, आणि ज्याला अंधारात ओलांडता यायचं नाही तो माझ्यावर पाय देऊन जायचा. अशी माझी झोप. त्या खोलीसाठी मी काहीही करायला तयार होते.

म्हणून मी जाहीर केलं, "घर साफ करून घ्यायची जबाबदारी माझी."

आईने बाबांकडे बघितलं. बाबांनी पेपरकडे बघितलं.

शनिवारी सकाळपर्यंत सगळं माझ्या योजनेप्रमाणे चाललं होतं. खोकी बांधून झाली, फरशी आरशासारखी झाली, पंख्यांची पाती पुसली. माझे स्वतःचे पांढरे मोजे घालून मी एक रंगीत तालीमही घेतली. तळवे जवळजवळ पांढरे. तेवढ्यात शेजारच्या काकू दारात आल्या. हातात रिकामी वाटी होती. काकू नेहमी रिकामी वाटी घेऊन येतात आणि रिकामीच घेऊन जातात. ती नुसती आत येण्याची परवानगी असते.

"झालं का सगळं? वा! आणि कपाटामागे?"

"कपाटामागे काय?" मी विचारलं.

"अगं, कपाटामागे पाय घालून बघते ती. आधीच्यांचं तिथंच तर अडलं."

हॉलमधलं कपाट मोजेबाईंचंच होतं. लाकडी, अर्ध्या भिंतीएवढं, आम्ही यायच्या आधीपासून तिथे उभं. इतक्या वर्षांत आम्ही ते तसूभरही हलवलं नव्हतं. आईने कमरेला पदर खोचला. बाबा म्हणाले, "यात ताकद नाही, युक्ती लागते," आणि छत्री घेऊन आले. छत्रीची दांडी कपाटाखाली घालून त्यांनी जोर लावला. छत्री उघडली. मग आम्ही तिघींनी, म्हणजे मी, आई आणि वाटी खाली ठेवून काकूंनी, धक्का मारला आणि कपाट किंचाळत बाजूला झालं.

मागे माझ्या कंपासपेटीचं झाकण होतं, बाबांचा एक हरवलेला मोजा होता (काळा, त्यामुळे भीतीचं कारण नव्हतं) आणि एक कोळी होता, तो आमच्यापेक्षा जास्त दचकला. पण आम्ही यातलं काही बघत नव्हतो. आम्ही भिंतीकडे बघत होतो.

कपाटामागची भिंत हिरवी होती. फिकट, स्वच्छ, कोवळी हिरवी. आणि बाकीचा सगळा हॉल पिवळा.

"आपण राहायला आलो तेव्हा कुठला रंग होता हो?" आईने विचारलं.

"हिरवाच असणार," बाबा म्हणाले. "मला आठवतंय."

"मला पांढरा आठवतोय."

"पांढरा नव्हता. पांढरा असता तर मला हिरवा कसा आठवला असता?"

सात वर्षं ज्या भिंतीकडे तोंड करून आम्ही जेवलो, तिचा रंग कुणालाच सांगता येईना. तेव्हा मी पुढे झाले. समितीची प्रमुख म्हणून मला पुढे होणं भागच होतं.

"सोपं आहे," मी म्हणाले. "कपाटाने जी भिंत झाकली तिला धूर लागला नाही. म्हणून ती मूळ रंगाची राहिली. स्वयंपाकघराला दार नाही, त्यामुळे बाकीच्या भिंतीवर सात वर्षांचं तळण बसलंय. पिवळं आहे ते रंग नाही. ते आपण आहोत."



"अगंबाई!" काकूंनी छातीवर हात ठेवला. "म्हणजे ही सगळी... घाण?"

आईचा चेहरा मी कधी विसरणार नाही. माझी आई भांडी घासल्यावर घासणीही घासून ठेवते. तिला कुणी सगळ्यांसमोर गटारात उभं केलं असतं तरी तिचा चेहरा इतका पडला नसता.

"कुणाला बोलू नका हं," ती बारीक आवाजात म्हणाली.

"माझ्या तोंडून शब्द बाहेर पडायचा नाही," काकू म्हणाल्या आणि इतक्या घाईने निघाल्या की वाटी विसरून गेल्या.

मग सुरू झालं युद्ध. मी आधी खोडरबर घेतला. माझं शिक्षण अजून तिथपर्यंतच आहे. खोडरबराने एका पोस्टाच्या तिकिटाएवढी जागा हिरवी झाली. या वेगाने मी लग्नाच्या वयाची होईपर्यंत एक भिंत झाली असती. काकू वाटी न्यायला परत आल्या त्या सल्ला घेऊन, टूथपेस्ट लावा. टूथपेस्टने भिंतीला वास चांगला आला. मग काकूंच्या फोनवरून त्यांच्या नणंदेचा सल्ला आला, व्हिनेगर आणि सोडा. त्याने भिंत फसफसली आणि बाबा शिंकू लागले. (नणंदेपर्यंत बातमी कशी पोचली, हे विचारायचं धाडस आईने केलं नाही.) शेवटी आईने चिडून साधं गरम पाणी आणि स्पंज घेतला, एक हात मारला, आणि भिंत वितळली.

खरंच वितळली. पिवळे ओघळ खाली आले आणि आतून हिरवं हिरवं हसू लागलं. बादलीतलं पाणी बघता बघता हळदीसारखं झालं.

"हे आपण श्वासात घेत होतो," आई पुटपुटली.

"माझा खोकला!" बाबा ओरडले. "डॉक्टर म्हणायचे, सिगरेट ओढता का. मी म्हणायचो, नाही हो. बघ आता! मी ही भिंत ओढत होतो."

त्यानंतर आमच्या घरातल्या प्रत्येक दुखण्याचं मूळ सापडलं. बाबांचा खोकला, आईची डोकेदुखी, माझे भूगोलातले मार्क. आम्ही त्वेषाने घासत सुटलो. पाणी बदलायचं, ओतायचं, पुन्हा भरायचं. बाथरूम लांब पडतं म्हणून बाबा बादल्या बाल्कनीत ओतत होते. बाल्कनीला एक नळी आहे. ती बाहेर निघते आणि खालच्या मजल्याच्या दोरीवर संपते. हे आम्हाला माहीत होतं का? माहीत होतं. आठवत होतं का? ते विचारू नका.

दाराची बेल वाजली. मोजेबाई! पण मोजेबाई उद्या येणार होत्या. दारात खालचे दातांचे डॉक्टर उभे होते. त्यांच्या हातात त्यांचे पांढरे कोट होते. कोट आता पांढरे नव्हते.

"मी लोकांना सांगतो, दात पांढरे करून देतो," डॉक्टर अतिशय शांतपणे म्हणाले. शांत डॉक्टर फार भीतिदायक असतात. "आणि मी या कोटात त्यांच्यासमोर उभा राहू?"

आई म्हणाली, "मी धुऊन देते." बाबा म्हणाले, "मी इस्त्री करून देतो." मी म्हणाले, "मी माफी मागते." डॉक्टर म्हणाले, "मी सेक्रेटरींना सांगितलंय."

सेक्रेटरी त्यांच्या मागेच होते. आमच्या सोसायटीची एक समिती आहे आणि तिच्यात फक्त सेक्रेटरी आहेत. तरी ते स्वतःबद्दल कधी ‘मी’ म्हणत नाहीत.

"समितीला फार वाईट वाटलं," ते म्हणाले. "उद्या तुमचा टेंपो ना? सामान खाली न्यायला समितीची परवानगी लागते. आणि तक्रार बाकी असताना समिती परवानगी देत नाही."

"मग समितीने काय करायचं ठरवलंय?" बाबांनी विचारलं.

"कोट पांढरे झाले की समिती विचार करेल. समिती चार वाजता झोपते, त्याच्या आत."

आईने कोट तीनदा धुतले. पिवळं सगळं निघालं, पण कोट ओले. मग आम्ही बाल्कनीत उभे राहिलो. बाबा एका कोटाला हेअर ड्रायर लावत होते, मी दुसऱ्याला पुठ्ठ्याने वारा घालत होते आणि आई तिसरा अंगात घालून उन्हात फेऱ्या मारत होती, कारण अंगाच्या उबेने लवकर वाळतो असं काकूंचं म्हणणं. समोरच्या इमारतीतले लोक खिडक्यांत येऊन बघू लागले. एका आजोबांनी आईला ओरडून विचारलं, "डॉक्टर, दाढ काढता का?" आईने मान खाली घातली. चार वाजायच्या आत कोट वाळले. डॉक्टरांनी ते उजेडात धरून बघितले, आमचे दात बघावेत तसे. परवानगी मिळाली.

आता उरला फक्त भिंतीचा वरचा कोपरा, छताला लागून. मी स्टुलावर चढले. स्पंज लावणार, तेवढ्यात मला त्या पिवळ्यात काहीतरी दिसलं. बारीक, काळं, वाकडं. मला वाटलं झुरळाची मिशी. नखाने ओढलं. निघेना. ते पिवळ्याच्या आत होतं, गाडलेलं. मी डोळे अगदी जवळ नेले.

तो ब्रशचा केस होता.

आता माझ्याबरोबर विचार करा. धुराला ब्रश लागतो का? तळणाचा थर कुणी ब्रशने देतं का? आणि छताशी पिवळं जिथे संपत होतं ती रेघ पट्टीने मारल्यासारखी सरळ होती. घाण इतकी शिस्तीची असते का? आमच्या शाळेत तर नसते.

मला एकदम सगळं दिसलं. मोजेबाईंनी हॉलला पाण्याने निघणारा पिवळा रंग देऊन घेतला होता. कपाट जड, म्हणून रंगाऱ्याने ते हलवलं नव्हतं. मागे जुना हिरवा राहून गेला. आणि आम्ही दिवसभर, सहकुटुंब, व्हिनेगर लावून, मोजेबाईंचा रंग काढत होतो.

"काय गं, उतर ना," आई म्हणाली. "पांढरीफटक पडलीस."

"आई," मी म्हणाले. न अडखळता म्हणायचं होतं, पण जमलं नाही. "आ... आई, ती घाण नव्हती."

मी सगळं सांगितलं. आईच्या चेहऱ्यावर आधी जे आलं ते मी बघितलं आहे, ती आता कितीही नाकारू दे. तो आनंद होता. "म्हणजे मी अस्वच्छ नव्हते!" ती दाराकडे धावली, काकूंना सांगायला. अर्ध्या वाटेत थांबली. सांगितलं तर गुन्हा उघड. नाही सांगितलं तर घाण कायम. माझी आई तशीच, एक हात कडीवर ठेवून, बराच वेळ उभी होती. मग तिने हात खाली घेतला आणि पहिल्यांदा डोळ्यांना पदर लावला.

"आता काय करायचं?" मी विचारलं. माझा आवाज मागच्या वर्षीचा झाला होता.

बाबा हॉलच्या मधोमध उभे राहिले. तीन भिंती पिवळ्या, एक हिरवी. ते म्हणाले, "एक भिंत हिरवी असली तर ती चूक दिसते. चारही हिरव्या असल्या तर तो रंग दिसतो."

मला हे लिहायला लाज वाटते, पण त्या क्षणी ते मला पटलं. खिडकीवाली खोली डोळ्यांसमोर असली की माणसाला काहीही पटतं. पहिली भिंत आम्ही अज्ञानात पुसली होती, बाकीच्या तीन पूर्ण शुद्धीत पुसल्या. या वेळी बादल्या बाथरूममध्ये गेल्या, गुपचूप, पुरावा नेतात तशा. संध्याकाळी दिवे लावले तेव्हा हॉल असा हिरवागार झाला होता की बाबा एखाद्या तळ्याच्या तळाशी उभे आहेत असं वाटलं.

रविवारी सामान खाली गेलं. टेंपोवाला हॉर्न वाजवत होता. रिकाम्या घरात आमचे श्वास घुमत होते. आई दाराशी, बाबा खिडकीशी, मी मधे. मोजेबाई कधी आल्या मला कळलंच नाही. मी वळले तर त्या, त्यांच्यासाठीच मागे ठेवलेल्या स्टुलावर बसून मोजे घालत होत्या. दारात काकू, हातात वाटी.

पण मोजेबाईंनी मोठा काळा चष्मा लावला होता.

"डोळ्याचं ऑपरेशन झालं," त्या म्हणाल्या. "मोतीबिंदू. या डोळ्याचा काढला, त्या डोळ्याचा अजून आहे. चला."

त्या फिरल्या. स्वयंपाकघर. बोळ, माझी झोपायची जागा. बाल्कनी. कपाटामागे पाय घातला. आवाज नाही. मी नखं खाल्ली, एकाच हाताची, कारण दुसऱ्या हाताने मी आईला धरलं होतं. मग त्या बसल्या आणि तळवे वर केले.

पांढरे. बर्फासारखे पांढरे.

"बरं," मोजेबाई म्हणाल्या. हा त्यांचा सगळ्यात मोठा कौतुकाचा शब्द. आणि त्यांनी चष्मा काढला.

मी तुम्हाला सांगते, शाळेत आग लागल्याची घंटा झाली तरी मला इतकी भीती वाटणार नाही. त्या भिंतीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी एक डोळा हाताने झाकला. मग दुसरा. मग पुन्हा पहिला.

"या डोळ्याने पिवळट," त्या हळू म्हणाल्या. "आणि या नव्या डोळ्याने हिरवी. डॉक्टर म्हणाले होते, पडदा निघाला की रंग वेगळे दिसतील. जे खरं आहे ते दिसेल." त्या बाबांकडे वळल्या. "तुम्हाला कशी दिसते हो?"

"हिरवी," बाबा म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. "हिरवीच आहे की. पहिल्यापासून!"

मोजेबाईंनी मान हलवली, पर्स उघडली आणि किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. माझ्या! ती थंडगार होती. मी मूठ मिटली. मुठीत खिडकी होती, दार होतं, अर्धंच उघडणारं, पण माझं. बाबांनी सुस्कारा सोडला तो खाली टेंपोवाल्याला ऐकू गेला असेल.

पण मोजेबाई उठल्या नाहीत.

"मी हा पिवळा स्वतः निवडला होता," त्या भिंतीला सांगत होत्या. "म्हणजे तेव्हापासूनच मला नीट दिसत नव्हतं. मग वर्गात काय दिसत असेल? एका मुलीने सूर्यफुलाच्या पानांत पिवळा मिसळला होता. मी तिचा कागद सगळ्यांसमोर वर धरला. म्हटलं, डोळे तपासून घे. रडली ती." त्यांनी हात मांडीवर ठेवले. "तिची पानं हिरवीच असणार बहुतेक. अशा किती जणी असतील?"

पांढऱ्या मोज्यातले त्यांचे पाय एकदम लहान दिसायला लागले. जमिनीला नीट टेकतही नव्हते. ज्या पायांना मी इतके दिवस घाबरले ते हे.

बाबा छताकडे बघत होते. आई माझ्याकडे बघत होती. तिने माझा हात सोडला, आणि माझ्या लक्षात आलं की आता बोलायचं तर मीच. सगळ्या शाळेसमोर दुसऱ्यांच्या पोळ्यांबद्दल बोलणं फार सोपं असतं.

"बाई," मी म्हणाले.

"काय?"

"बाई, भि... भिंत पिवळीच होती."

खाली टेंपोचा हॉर्न वाजला आणि मधेच थांबला.

"तुमचे डोळे बरोबर आहेत. आम्ही पुसली. आम्हाला वाटलं ती घाण आहे, म्हणून गरम पाण्याने... म्हणजे मलाच वाटलं. मीच सांगितलं सगळ्यांना."

"म्हणजे ती घाण नव्हती?" दारातून काकूंनी विचारलं.

"नव्हती!" आई इतक्या जोरात ओरडली की रिकामं घर दुमदुमलं. "रंग होता! चांगला विकत आणलेला रंग!" आणि मग स्वतःच तोंडावर हात ठेवला.

मोजेबाईंनी पुन्हा एक डोळा झाकला. भिंत बघितली. दुसरा झाकला. बघितली.

"म्हणजे मी निवडला तो पिवळाच होता."

"हो."

"आणि आता हिरवी दिसते, ती खरंच हिरवी आहे."

"हो, बाई."

त्यांनी मोठा श्वास घेतला. खांदे सैल झाले, आणि चेहऱ्यावर हसू यायला लागलं. ते अर्ध्यावर आलं आणि तिथेच गोठलं.

"चारही भिंती?" त्या म्हणाल्या. आता तो आवाज वर्गातला होता. "एक पुसल्यावर कळलं नाही?"

"कळलं."

"मग?"

मी बाबांकडे बघितलं. बाबांनी पेपर शोधला. पेपर खोक्यात गेला होता.

"किल्ली," मोजेबाईंनी हात पुढे केला.

मी मूठ उघडली. किल्ली आता गरम झाली होती आणि तळहातावर तिचे दाते उमटले होते. त्यांनी ती घेतली, पर्सपाशी नेली, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी लपवलं नाही. मग त्यांनी ती आईच्या हातात दिली.

"सामान लावा," त्या म्हणाल्या. "भावाच्या घरात भिंतींना कुणी हात लावायचा नाही. धूळ पुसायलासुद्धा नाही. तुम्ही," हे बाबांना, "रंगाच्या दुकानात जा. पांढरा डबा आणा, पिवळा मी माझ्या डोळ्यांनी मिसळणार. आणि ही इथे राहील."

"ही म्हणजे मी?"

"समितीची प्रमुख ना तू? काकू सांगत होत्या."

तर माझ्या खोलीतला पहिला दिवस मी माझ्या खोलीत घालवलाच नाही. जुन्या पेपरची टोपी घालून मी रिकाम्या हॉलमध्ये स्टुलावर उभी होते. बाबा खालून पुसत येत होते, कारण मी सांडत होते. बाबांच्या फोनवरून, दोन गल्ल्यांपलीकडून आईचा आवाज आला, "पलंग कुठल्या भिंतीला लावू गं?"

"खिडकीजवळ!"

"हलू नकोस," मागून आवाज आला. मागे कोण उभं आहे ते मला ऐकू आलं नव्हतं. "रेघ वाकडी जाते. सरळ ने. आता बरं."

‘बरं’ म्हणाल्या. मी ऐकलं. मी छताशी पोचले, त्याच कोपऱ्यात. ब्रश ओढला आणि बघते तर एक केस सुटून ओल्या पिवळ्यात चिकटलेला. बारीक, काळा, वाकडा. नखाने काढणार होते.

मग म्हटलं, असू दे. पुढे कधीतरी कुणी इथे स्पंज घेऊन चढेल, तेव्हा तिला उपयोगी पडेल.